आकाशांतून आलेलें बीज

जीवाचें बीज पृथ्वीवरच घडलें कीं आकाशांतून येऊन येथें रुजलें, हा प्रश्न नागांवच्या पुळणीवर कोणास परका वाटूं नये. लाटेवर वाहत आलेला नारळ दूरच्या किनाऱ्यास लागून रुजतो, हें येथील वाडीवाल्यांस शिकवावयास नको. शिवाय आकाशाचें पृथ्वीशीं असलेलें नातें मोजण्याचें काम अष्टागरास नवें नाहीं. मुंबईंत विजेच्या ट्रामा येणार असें ठरलें, तेव्हां त्यांच्या प्रवाहानें चुंबकसूचीचीं मापें बिघडूं नयेत म्हणून कुलाबा वेधशाळेचें चुंबकीय काम 1904 सालीं शेजारच्या अलिबागेस आणण्यांत आलें. सूर्यावरील वादळांचे धक्के तेथें आजहि नोंदले जातात.

नारळाचाच हा तर्क लॉर्ड केल्व्हिन यांनीं 1871 सालीं उल्कापाषाणांस लावला. पुढें स्वीडनच्या अऱ्हेनियस यांनीं 1903 सालीं, सूक्ष्म बीजें प्रकाशाच्या दाबानेंच ताऱ्यांमधील पोकळींत ढकललीं जात असावीं, असें मांडलें. यावर आक्षेप उघड आहे. जीव प्रथम कोठें उपजला हा प्रश्न अशानें सुटत नाहीं, तो फक्त दुसऱ्या गांवीं जातो.

येथें श्रोत्यांनीं एक भेद मनांत धरावा. जीवाची सामग्री आकाशांतून आली, असें म्हणणें वेगळें; जिवंत जंतु आला, असें म्हणणें वेगळें. पहिल्यास आतां भक्कम पुरावा आहे. 28 सप्टेंबर 1969 रोजीं ऑस्ट्रेलियांतील मर्चिसन येथें पडलेल्या पाषाणांत अमिनो आम्लें निघालीं. तीं उजव्या व डाव्या अशा दोन्हीं घडणींचीं होतीं. पृथ्वीवरील सजीवांचीं प्रथिनें डाव्याच घडणीचीं आम्लें वापरतात. म्हणजे हाताळणाऱ्यांच्या बोटांवरून तीं लागलीं, ही शंका फिटली. बेन्नू या लघुग्रहावरून 2023 सालीं आणलेल्या मातींत तर, प्रथिनांस लागणाऱ्या वीस आम्लांपैकीं चौदा सांपडलीं, असें जानेवारी 2025 मध्यें प्रसिद्ध झालें.

दुसऱ्या, अधिक धाडसी प्रश्नाचा इतिहास मात्र आपल्या माणसापाशीं येतो. जयंत नारळीकर (1938–2025) हे कोल्हापुरांत जन्मले व केंब्रिजला फ्रेड हॉइल यांचे शिष्य झाले. हॉइल आणि चंद्र विक्रमसिंघे धूमकेतूंतून जंतु येतात असें मोठ्या आग्रहानें प्रतिपादीत. गुरूचें मत शिष्यानें वादांत न घालतां प्रयोगावर घातलें, हेंच मला या कथेंतील मोलाचें वाटतें.

प्रयोगाचें तत्त्व सोपें, कृति कठीण. वरून जंतु येत असतील तर ते फार उंचावरच्या हवेंत सांपडावेत, कारण खालची धूळ तेथवर सहसा पोंचत नाहीं. म्हणून निर्जंतुक केलेल्या पोलादी नळ्या द्रव निऑनमध्यें बुडवून बलूनबरोबर वर धाडावयाच्या. निऑनच्या उणे 246 अंशांच्या थंडीनें आंत शिरलेली हवा गोठते, आणि ती गोठली कीं रिकाम्या जागेंत आणखी हवा ओढली जाते. हैदराबादच्या बलून केंद्रावरून 21 जानेवारी 2001 रोजीं पहिलें उड्डाण झालें. 41 किलोमीटर उंचीवरच्या नमुन्यांत जिवंत पेशींचे पुंजके आढळले. नागांवहून बोरीबंदर सरळ रेषेंत जेवढें दूर, साधारण तेवढी ही उंची.

टीकाकारांनीं अर्थातच नळ्यांच्या शुद्धतेवर बोट ठेवलें. 20 एप्रिल 2005 च्या दुसऱ्या उड्डाणांत म्हणूनच अधिक दक्षता घेतली गेली. सोळा नळ्या, 38 किलो द्रव निऑन, वीस ते एकेचाळीस किलोमीटरांतील हवा. आणि तपासणी एकाच जागीं नव्हे, तर हैदराबाद व पुणें येथील दोन स्वतंत्र प्रयोगशाळांत. बारा जिवाणूंच्या व सहा बुरशींच्या वसाहती वाढल्या. बारांपैकीं नऊ जिवाणु ओळखीच्या जातींशीं 98 टक्क्यांहून अधिक जुळत होते. उरलेले तीन नवे ठरले. मार्च 2009 मध्यें त्यांचें नामकरण झालें. एकास हॉइल यांचें, एकास इस्रोचें, एकास आर्यभटाचें नांव मिळालें. अतिनील किरण सोसण्याची त्यांची शक्ति जवळच्या भाऊबंदांहून अधिक होती.

भाऊबंद पृथ्वीवरचेच, ही गोष्ट मात्र विसरतां येत नाहीं. इस्रोनेंहि परग्रहीय उगम सिद्ध झाला असें म्हटलें नाहीं. काम पुढें चालविण्यास उत्तेजन मिळालें, एवढेंच म्हटलें. वर्तमानपत्री मथळ्यांपेक्षां ही भाषा फार संयमी होती. पेशींतील कार्बनच्या जड व हलक्या अणूंचें प्रमाण पृथ्वीवरील जीवांहून वेगळें निघतें तर गोष्ट निराळी होती. पण प्रयोगशाळेंत वाढविलेली वसाहत येथल्याच अन्नावर पोसते आणि येथलेंच प्रमाण उचलते.

आर्यभटाचें नांव धारण करणारा जिवाणु पुढें निरनिराळ्या देशांतील जमिनींत, पिकांच्या मुळांशींहि सांपडला. तो खालून वर गेला, असेंच बहुतेक शास्त्रज्ञांस वाटतें व मलाहि तसेंच वाटतें. वरून खालीं आला असें कोणीं म्हटलें, तर त्यास खोडून काढण्याचें साधन त्या सोळा नळ्यांत नव्हतें.