हिमस्खलन: बर्फातल्या ट्रेकला निघण्यापूर्वी

डिसेंबर-जानेवारीत हिमालयातल्या ट्रेकसाठी फिटनेस सर्टिफिकेट घ्यायला बरेच जण येतात. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्स घ्यावी का, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. हिमस्खलनाबद्दल मला अजून कोणी विचारलेले नाही.

डोंगरउतारावरचा बर्फाचा थर सुटून वेगाने खाली येणे म्हणजे हिमस्खलन. सर्वांत घातक प्रकारात वरचा घट्ट थर खालच्या भुसभुशीत थरावरून लादीसारखा घसरतो. ३० ते ४५ अंशांचे उतार यासाठी सर्वाधिक धोक्याचे. बहुतेक अपघातांत हा थर सुटतो तो त्यावरून जाणाऱ्या माणसांच्याच वजनाने. पण वाट सपाट असली तरी वरच्या उताराकडे लक्ष हवे. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर ७ पर्यटक हिमस्खलनात दगावले. ते ट्रेकला नव्हे, बर्फ पाहायला गेले होते.

गाडले गेल्यावर काय होते?

थांबताक्षणी बर्फ इतका घट्ट बसतो की हातसुद्धा हलवता येत नाही. काहींचा मृत्यू खडक-झाडांवर आदळून होतो, पण बहुतेकांचा गुदमरून. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड तोंडाजवळच साठतो आणि वाफेने चेहऱ्यासमोर बर्फाचे कवच तयार होते. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के वाचतात. अर्ध्या तासाच्या सुमारास हे प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत घसरते. थंडीने मृत्यू यायला त्याहून जास्त वेळ लागतो. एवढ्या वेळात हेलिकॉप्टर पोहोचत नाही. वाचवू शकतात ते सोबतचेच, तेही प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे असेल आणि ते वापरायचा सराव असेल तर.

कधी थांबावे?

जोरदार हिमवृष्टी किंवा वाऱ्यानंतर निदान २४ ते ४८ तास तीव्र उतारांवर जाऊ नये. जवळपास ताजे हिमस्खलन दिसले, पायाखाली 'धप्प' आवाज होऊन बर्फ खचला, पावलांपासून तडे गेले किंवा अचानक ऊन वाढले, तर मागे फिरावे. डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्याच्या दिवशीचा इशारा गाइडला विचारा.

खरी अडचण माहितीची नसते. परतीचे तिकीट काढलेले असते, पैसे भरलेले असतात, १५ जणांत 'मला हे बरोबर वाटत नाही' म्हणायला संकोच वाटतो. म्हणून कार्यक्रमात एक-दोन दिवस मोकळे ठेवा आणि एकाने जरी नकार दिला तरी परतायचे, हे घरूनच ठरवून निघा. गाइड 'आज नको' म्हणाला तर त्याच्याशी घासाघीस करू नका.

बाहेर काढल्यावर

दुसरे हिमस्खलन येण्याची शक्यता आधी पाहा. डोके आणि छाती प्रथम मोकळी करा, तोंडातला बर्फ काढा. श्वास नसेल तर सुरुवातीला तोंडाने ५ श्वास द्या, मग सीपीआर. तासाहून अधिक काळ गाडलेली, पण श्वासमार्ग मोकळा असलेली व्यक्ती थंडगार लागली म्हणून प्रयत्न सोडू नयेत. अतिथंडीत नाडी सापडणे अवघड असते. शुद्धीवर असलेल्याला आडवेच ठेवून हळुवार हलवा, ओले कपडे बदलून पांघरूण घाला. हातपाय चोळू नका, दारू तर मुळीच देऊ नका. वरवर ठणठणीत दिसला तरी त्याला रुग्णालयात न्या. श्वासाचा त्रास काही तासांनीही सुरू होऊ शकतो.