जिप्सी : जुन्या वाहनाच्या मालकीचा एक लहानसा इतिहास

आमच्या संग्रही १९९८ साली नोंदवलेली एक मारुती जिप्सी आहे. 'संग्रही' हा शब्द पुस्तकांसाठी वापरावयाचा, हे आम्ही जाणतो. परंतु या गाडीबाबत 'आमच्या मालकीची' असे म्हणताना लेखणी किंचित अडखळते. मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खाजगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. त्यापुढे वाहनाची तपासणी होऊन ती पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. आम्ही ती २०१३, २०१८ आणि २०२३ अशी तीनदा वाढवून घेतली. दर खेपेस घरात एकच प्रश्न उभा राहिला : ठेवायची की मोडीत काढायची? हा प्रश्न हौसेचा नाही. ज्या वस्तूचे वय शासन ठरवते, तिच्यावर आपला हक्क नेमका कशाचा, असा तो प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना आम्हाला या गाडीच्या वंशावळीत शिरावे लागले.

ती वंशावळ युद्धात सुरू होते. १९४० साली अमेरिकन सैन्याला चारही चाकांना शक्ती देणारे एक हलके टेहळणी वाहन हवे होते. बॅन्टम या छोट्या कंपनीने त्याचा पहिला नमुना त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सादर केला. मोठ्या उत्पादनाची कंत्राटे मात्र विलीज आणि फोर्ड यांना मिळाली. युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या होत्या. युद्धानंतर त्या शेतात, खाणींत आणि डोंगरात गेल्या. म्हणजे जीपचा नागरी इतिहास आरंभापासूनच 'दुसऱ्या हाताचा' आहे : एकाने एका हेतूने घडवावे आणि दुसऱ्याने त्यात वेगळा अर्थ भरावा.

भारतात ही परंपरा मुंबईमार्गे आली. १९४५ साली स्थापन झालेल्या 'महिंद्र अँड मोहम्मद' या कंपनीतील एक भागीदार, गुलाम मोहम्मद, फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले व पुढे १९५१ साली तेथील गव्हर्नर जनरल. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि मामलेदारापासून निवडणुकीच्या उमेदवारापर्यंत सत्तेचे वाहन म्हणून जीप गावोगाव ओळखीची झाली. गावात जीप आली म्हणजे सरकार आले, हे समीकरण आमच्या आधीच्या पिढीच्या मनात पक्के होते.

जिप्सीचे मूळ मात्र या शाखेचे नाही. जपानमध्ये लहान इंजिनाच्या गाड्यांचा एक वर्ग करसवलतीमुळे फोफावला होता. त्या काळी इंजिनाची मर्यादा ३६० घनसेंटीमीटर होती. या मर्यादेत चारही चाकांवर चालणारी गाडी होप मोटर या कंपनीने १९६० च्या दशकाच्या अखेरीस बनवली. सुझुकीने तिचे हक्क विकत घेतले आणि १९७० साली 'एलजे-१०' ही गाडी बाजारात आणली. तिच्या पुढच्या पिढीची, १९८१ नंतरची, निर्यातीसाठीची आवृत्ती म्हणजे ९७० घनसेंटीमीटरच्या इंजिनाची 'एसजे-४१०'. मारुती उद्योग आणि सुझुकी यांचा करार १९८२ साली झाला. १९८३ च्या डिसेंबरात 'मारुती ८००' आली आणि १९८५ च्या डिसेंबरात याच एसजे-४१० चे लांब अंगाचे रूप 'जिप्सी' म्हणून. १९९६ साली १२९८ घनसेंटीमीटरच्या इंजिनाची 'जिप्सी किंग' आली. आमची गाडी त्या पिढीची. १९९० च्या दशकात सैन्याने जिप्सी स्वीकारली, पोलीस व वनखात्यानेही. जीपप्रमाणे हिलाही शासनानेच मोठे केले.

आता तिच्या यंत्ररचनेविषयी थोडे. जिप्सीला स्वतंत्र पोलादी सांगाडा आहे, पुढेमागे अखंड आस आहेत आणि त्यांखाली पाटे. एरवी इंजिनाची शक्ती केवळ मागच्या चाकांना मिळते. चिखलात किंवा वाळूत शिरण्यापूर्वी खाली उतरून पुढच्या चाकांच्या मध्याशी असलेली कडी हाताने फिरवावी लागते. मग आत बसून दुसरा दांडा ओढायचा. पुढचे आणि मागचे आस त्यानंतर एकमेकांशी ताठ जोडले जातात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग कापतात. मऊ जमिनीवर चाके थोडी घसरून हा फरक भरून काढतात. कोरड्या डांबरावर ती सहजी घसरत नाहीत आणि सगळा ताण दातेरी चाकांवर येतो. म्हणून ही शक्ती केव्हा वापरू नये, हे कळणे म्हणजेच ती वापरता येणे.

१९९० च्या दशकात या विचारालाच फाटा देणाऱ्या गाड्या आल्या. १९९४ ची टोयोटा रॅव-फोर आणि १९९५ ची होंडा सीआर-व्ही यांनी स्वतंत्र सांगाडा सोडून मोटारीसारखे एकसंध अंग घेतले. रॅव-फोर चारही चाकांना सतत शक्ती देई. सीआर-व्हीमध्ये पुढची चाके घसरू लागली की मागच्यांना ती आपोआप मिळे. आज लहान एसयूव्ही म्हणून जे ओळखले जाते, ते बहुतांशी या कुळातले. त्या गाड्या अधिक सुखकर आणि अधिक सुरक्षित आहेत, याविषयी वाद नाही. मात्र तेथे निर्णय यंत्र घेते. जिप्सीत तो चालकाला घ्यावा लागतो, तोही संकटात सापडण्याच्या आधी.

आमच्या सत्तावीस वर्षांत ती कडी आम्ही फार तर चाळीसदा फिरवली असेल. बहुतेकदा पावसाळ्यात, कोकणातल्या घरापर्यंतच्या शेवटच्या दोन किलोमीटरांत. एवढ्यासाठी गाडी का सांभाळावी? प्रश्न रास्त आहे. त्याहून रास्त आक्षेप धुराचा. आमची गाडी देशभर 'भारत-१' मानके लागू होण्याच्या, म्हणजे २००० सालच्या, आधीची आहे. दिल्ली परिसरात पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांना २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली. २०२५ साली तो विषय पुन्हा न्यायालयापुढे आला. २०२२ च्या एप्रिलपासून पुनर्नोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले. आम्ही या नियमांना जाच म्हणणार नाही. आमच्या स्मृतिरंजनाची किंमत शेजाऱ्याच्या फुप्फुसांनी का द्यावी? म्हणून आम्ही ही गाडी शहरात आणत नाही, आणि हे आमचे औदार्य आहे असेही समजत नाही.

परंतु इतिहासाने येथे एक चमत्कारिक वळण घेतले आहे. २०२३ च्या एप्रिलपासून सरकारी मालकीच्या वाहनांची नोंदणी पंधरा वर्षांनंतर वाढवली जात नाही. संरक्षण आणि कायदा-सुव्यवस्थेसाठीची काही विशेष वाहने तेवढी अपवाद. जी गाडी शासनामुळे टिकली, तिला शासनाच्या दारी यापुढे म्हातारपण नाही. ते आहे खाजगी मालकाच्या अंगणात. नागरी ग्राहकांसाठी जिप्सीचे उत्पादन २०१९ च्या सुमारास, नव्या सुरक्षा नियमांच्या उंबरठ्यावर, थांबले. तरीही ताडोब्याला जाणारा पर्यटक 'सफारीची गाडी' न म्हणता 'जिप्सी' म्हणतो. वस्तू मागे पडते आणि नाव जातिवाचक होऊन उरते. २०२३ साली तिच्या वंशातली पाच दारांची 'जिमनी' भारतात आली आणि २०२५ पासून येथे बनलेली तीच गाडी जपानमध्ये विकली जाऊ लागली. जे तेथून आले, ते चाळीस वर्षांनी परत गेले.

पुढची मुदत २०२८ साली संपेल. तेव्हा काय करू, हे आज सांगता येत नाही. तपासणीत धूर मर्यादेबाहेर निघाला, तर आम्ही ती निमूटपणे मोडीत देऊ. तोवर मालकीचा अर्थ आम्ही इतकाच घेतो : वस्तू आपली म्हणजे तिच्यावर अमर्याद हक्क नव्हे. ती कशी घडली, कोणासाठी घडली आणि केव्हा थांबवावी, हे ठाऊक असण्याची जबाबदारी तेवढी आपली. उरलेली गाडी नोंदणीपुस्तकापुरती आमची.