नावाची शेव

नागपूरवरून येणारा पाहुणा आमच्या भिवापुरात रिकाम्या हातानं येत नसे. हंगामात संत्री, नाहीतर हल्दीरामची पुडी ठरलेली. त्यामुळे हल्दीराम म्हणजे नागपूरचाच, असं आमच्याकडं बहुतेकांना वाटतं.

पण हे नाव आलं बिकानेरवरून. गंगाबिशन अग्रवाल यांना घरात 'हल्दीराम' म्हणत. भुजिया त्यांच्या घरी आधीपासून करत. यांनी बेसनात बदल करून मटकीचं पीठ घेतलं, शेव बारीक पाडली, ती कुरकुरीत झाली. महाराजा डुंगरसिंहांच्या नावावरून तिला 'डुंगर शेव' म्हटलं. १९३७ मध्ये स्वतःचं दुकान मांडलं. शेवेइतकीच नावाचीही किंमत असते, हे त्यांना सुरुवातीपासून ठाऊक होतं.

पुढे या घरानं कोलकात्यात दुकान काढलं, मग नागपुरात. नातू शिवकिसन अग्रवाल यांनी १९७० च्या आगेमागे इथं जम बसवला. नागपूरच्या माणसाला चिवडा, आलूबोंडा, सांबारवडी ठाऊक. राजस्थानी भुजियाचं त्याला काय अप्रूप? म्हणून शिवकिसनजींनी मिठाई पुढे केली. काजूकतली आधी लोकांना चाखवली, मग विकली. संत्र्याच्या मुलखात संत्रा बर्फी चालली. पाकिटातली शेव गावोगाव पोचली.

ते पाकीट पाहून आमची माय म्हणे, "बाप्पा! एवढ्याशा शेवेले एवढे पैसे? एवढ्यात तं घरी डबाभर होते." अन् होतही असे. गिरणीतून दळून आणलेलं बेसन, ओवा अन् आमच्या भिवापुरी मिरचीचं तिखट. रंगही तिचाच, ठसकाही तिचाच.

त्या मिरचीचं पाकीट मात्र आमच्या लहानपणी कोणी पाहिलं नाही. ती पोत्यात भरायची अन् अडत्याच्या काट्यावर जायची. सातऱ्यावर बाया दिवसभर बसून देठ खुडायच्या. शिंका, डोळ्यांची जळजळ, रात्री हातांची आग. पोराला जवळ घेता येत नसे. पोतं गावाबाहेर गेलं की त्यावर ना शेतकऱ्याचं नाव, ना गावाचं. बाजारात कोणत्याही लाल मिरचीले भिवापुरी म्हटलं तर विचारणार कोण? मग चुरडा-मुरडा आला, फवारणीचा खर्च वाढला, संकरित वाण आलं, सोयाबीन आलं. गावरान भिवापुरीचं वावर कमी कमी होत गेलं.

इकडे हल्दीरामच्या घरात नावासाठी काय झालं पाहा. एका आजोबाच्या नावावरून कोलकाता अन् दिल्लीकडच्या घरांनी वर्षानुवर्षं कोर्टकचेरी केली. शेव कोणालाही पाडता येते. तरी नाव कोणी सोडलं नाही. अखेर २०२५ मध्ये दिल्ली अन् नागपूरचा पाकीटबंद मालाचा धंदा एक झाला, अन् सिंगापूरच्या टेमासेकनं त्यात हिस्सा घेतला.

भिवापुरी मिरचीलाही आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. म्हणजे कायद्यानं नाव आपलं झालं. पण कागदानं मिरची उगवत नाही. बी जपावं लागतं. माल निवडावा लागतो. दहा शेतकऱ्यांनी एका दर्जाला बांधून घ्यावं लागतं, अन् पिशवीवर गावाचं नाव छापून ती नागपूरच्या दुकानात ठेवावी लागते. बिकानेरची शेव हजार किलोमीटर ओलांडून आली अन् नागपूरची झाली. आमची मिरची पाऊणशे किलोमीटरच्या आतलं नागपूर गाठेस्तोवर निनावी होते.

माय आता नाही. तिच्यासोबत देठ खुडणाऱ्या काही बाया आहेत, अन् त्यांच्या सुना अजूनही सातऱ्यावर बसतात. पिशवीवरच्या नावाचे चार पैसे जास्त येतील, ते आधी त्यांच्या हातात पडले पाहिजेत. नाहीतर भिवापूरचं नाव मोठं झालं काय अन् नाही काय, त्यांना सारखंच.