काळजाची नभोवाणी

आमच्या आपाला चक्कर यायची. कधी जिन्यावर, कधी बाजारात, एकदा तर भर लग्नात. दवाखान्यात नेऊन ईसीजी काढला, की पट्टी अगदी स्वच्छ! घरचे म्हणायचे, “हिला उगीच घाबरायची सवय आहे.” आपा गप्प बसायची. अखेर एका डॉक्टरांनी तिच्या छातीवर चिकटपट्ट्या लावल्या, कमरेला छोटी डबी अडकवली आणि एक दिवस नेहमीची कामे करायला सांगितली. दुसऱ्या दिवशी डबीने साक्ष दिली. दुपारी चपात्या लाटताना आपाचे हृदय चार-पाच सेकंद थांबले होते.

या डबीला होल्टर म्हणतात. तिची कहाणी रेडिओवरच सांगायला हवी, कारण तिचा जन्मच रेडिओच्या पोटी झालेला आहे.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्यात विजेची एक बारीक लहर उठते. १८८७ साली लंडनमध्ये ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या शरीरावरून, छाती न उघडता, ही लहर नोंदवली. जिमी नावाच्या आपल्या कुत्र्याचे पाय मिठाच्या पाण्यात ठेवून ते हा प्रयोग लोकांना दाखवीत. पुढे हॉलंडमधील लायडन येथे विलेम आइंटहोवेन यांनी अतिशय संवेदनशील तारेचे यंत्र घडवले. वजन सुमारे २७० किलो, जागा दोन खोल्यांची, चालवायला पाच माणसे! रुग्णाने दोन्ही हात आणि एक पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसायचे. एवढे यंत्र रुग्णालयात कसे न्यावे? मग १९०५ साली आइंटहोवेन यांनी रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर टेलिफोनची तार वापरली आणि रुग्णाच्या हृदयाची लहर तारेवरून मागवली. १९२४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

तरी एक अडचण उरलीच. हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख ठोके देते. नेहमीचा ईसीजी त्यातले दहा-बारा पाहतो, तेही माणूस निवांत पडलेला असताना. बाकीच्या ठोक्यांचे काय?

हा प्रश्न अमेरिकेतील मोंटाना राज्यातल्या हेलेना या गावी नॉर्मन होल्टर यांना पडला. ते डॉक्टर नव्हते, भौतिकशास्त्रज्ञ होते. चालत्या-फिरत्या माणसाचे हृदय पाहायचे, तर तारेचे दावे तोडले पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १९४० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी सुमारे ३८ किलोचा रेडिओ प्रक्षेपक स्वतःच्या पाठीवर बांधला आणि व्यायामाच्या सायकलवर बसून आपल्या हृदयाची लहर हवेतून पाठवली. एका माणसाचे काळीज, तेच जणू केंद्र आणि तोच कार्यक्रम!

ट्रान्झिस्टर आले आणि ओझे उतरले. पुढे प्रक्षेपणाची जागा टेपने घेतली. १९६१ साली होल्टर यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात ही पद्धत मांडली. तासन् तासांची टेप कितीतरी पट वेगाने चालवून ते हृदय पाहत आणि ऐकतही. नियमित ठोक्यांचा एकसुरी गुंजारव चाले. ठोका चुकला की सूर बदले. छंदात मात्रा चुकली की आम्हा कवींचा कान टवकारतो, तसेच हे.

आज छातीवरची पट्टी दोन आठवडे नोंद ठेवते. २०१८ पासून मनगटी घड्याळातही ईसीजी आला. अडीचशेच्या आसपास संवेदकांचे जाकीट घालून आणि सीटी स्कॅनची जोड देऊन हृदयातील विजेचा नकाशाही काढता येतो. मात्र घड्याळ हृदय एकाच बाजूने पाहते. ‘हार्ट अटॅक’ त्याला ओळखता येत नाही. छातीत कळ आली, तर मनगटाकडे पाहत न बसता तडक रुग्णालय गाठावे.

होल्टर लावताना आपाला एक कागद दिला होता. किती वाजता काय केले, काय वाटले, ते लिहायचे. तिने लिहिले होते : “दुपारी सव्वाबारा. चपात्या. डोळ्यांपुढे अंधार.” डबीतील रेषा आणि हे मोडके अक्षर शेजारी ठेवले, तेव्हा निदान झाले. पेसमेकर बसला. चक्कर थांबली.

आपा खरेच सांगत होती. ते आम्हाला पटायला मात्र यंत्राची साक्ष लागली.