अक्षरांचा विठोबा

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, म्हणून ही स्मरणिका निघते आहे. मंडळी म्हणाली, "बुवा, देवळातल्या चित्राचं तुम्ही लिहा." आम्ही शेतकरी माणूस, शिक्षण चौथीपर्यंत. कीर्तनात दोन तास उभं राहणं सोपं, पण कागदावर दोन पानं लिहायची म्हणजे घाम फुटतो. तरी हे लिहिणं आमच्याच वाट्याचं आहे. का, ते पुढं येईल. चूकभूल पदरात घ्यावी.

देवळात विण्याच्या खुंटीशेजारी जी चौकट आहे, ती आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लांबून पाहिलं तर काळ्या शाईतला विठोबा. कर कटेवर, कानात मकरकुंडलं, गळ्यात तुळशीमाळ, पाय विटेवर. पण जवळ जाऊन पाहिलं तर त्यात एकही रेघ ओढलेली नाही. सगळी अक्षरं आहेत, मोहरीच्या दाण्याहून बारीक. अंगभर विठ्ठल विठ्ठल हे नाम आणि पितांबरात माऊलींच्या हरिपाठाचे 27 अभंग. पुष्कळ जण हात जोडतात नि पुढं जातात. वाचत कोणी नाही.

आता हे आलं कुठून? लोकांना वाटतं ही कोणाची तरी हौस. आम्ही म्हणतो, याचं मूळ ज्ञानेश्वरीच्या पहिल्या पानावर आहे. शके 1212 मध्ये माऊलींनी ग्रंथ पुरा केला. त्याच्या आरंभी गणपतीचं वर्णन आहे, ते नीट बघा. तो गणपती मातीचा नाही, पाषाणाचा नाही, तो शब्दांचा आहे. वेद ही त्याची मूर्ती, स्मृती हे अवयव, 18 पुराणं हे अंगावरचे दागिने, 6 दर्शनं हे 6 हात. काव्य-नाटकं म्हणजे घागऱ्या. अकार हे पाय, उकार हे पोट, मकार हे मस्तक, आणि तिन्ही मिळून ओंकार. सव्वासातशे वर्षांपूर्वी माऊलींनी मराठीत अक्षरांचा देव उभा केला. हातात टाक घेऊन त्यांनी चित्र काढलं असं आम्ही म्हणत नाही. पण अक्षरातून रूप दिसतं, ही दृष्टी त्यांनी आपल्याला दिली. नाम वेगळं आणि रूप वेगळं असं वारकरी मानत नाही. मग नामच लिहीत गेलं तर रूप का उमटणार नाही?

दुसरं मूळ पोथी लिहिणाऱ्यांचं. छापखाने नव्हते तेव्हा ग्रंथ हातानं उतरून घ्यायचे. उतरताना चुका व्हायच्या, म्हणून नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली. तुकोबांचे अभंग संताजी जगनाडे यांनी वहीत लिहिले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. वाटेनं न्यायच्या पोथ्या लहान करायच्या, त्यांना गुटका म्हणत. लहान पोथी म्हणजे लहान अक्षर, आणि लहान अक्षर म्हणजे हात स्थिर पाहिजे. नातवानं आम्हाला मोबाईलवर एक फोटो दाखवला. विलायतेत एडिंबरोच्या विद्यापीठात सबंध महाभारताची एक गुंडाळी आहे, 1795 सालची. लांबी 72 मीटर आणि रुंदी वीतभरसुद्धा नाही. अक्षर एवढं बारीक की भिंग पाहिजे, आणि मध्ये मध्ये रंगीत चित्रं. आपल्याच देशातल्या कोणा लेखकाचा तो हात.

अक्षरांना नियमात बांधायची हौस पंडितांनाही होती. संस्कृतात चित्रबंध म्हणून प्रकार आहे. श्लोकाची अक्षरं कमळाच्या पाकळ्यांत मांडायची, तलवारीत मांडायची, नागाच्या वेटोळ्यात मांडायची, आणि वाचली तरी अर्थ लागला पाहिजे. आपल्या मराठीत मोरोपंत (1729 ते 1794) होऊन गेले. राहिले बारामतीला, पण मूळ घराणं आपल्या राजापूरकडच्या सौंदळचं. त्यांनी 108 रामायणं लिहिली असं म्हणतात. त्यातल्या एका रामायणात प-फ-ब-भ-म ही ओठ मिटून म्हणायची अक्षरंच नाहीत. सगळी रामकथा सांगायची आणि ओठाला ओठ लागू द्यायचा नाही. करून बघा घरी.

हा ध्यास आपल्याच लोकांना होता असं मात्र नाही. यहुदी लोक देवाची मूर्ती करत नाहीत. त्यांच्या लेखकांनी हजार वर्षांपूर्वीपासून धर्मग्रंथाच्या कडेच्या टिपा एवढ्या बारीक लिहिल्या की त्यांचीच फुलं, वेली, जनावरं झाली. त्यांच्यातलेच शनवार तेली आपल्या कोकणात, अलिबागकडं, पिढ्यान्‌पिढ्या राहिले. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे. त्यांनी आपल्यासारखी मराठीत कीर्तनंही केली, आणि कीर्तनात त्यांच्या ग्रंथातल्या कथा लावल्या. रत्नागिरीत मुसलमान शेजाऱ्यांच्या घरात पाहिलं तर भिंतीवर अरबी अक्षरांची वळणदार चौकट असते. ज्याला देव शब्दात सापडला, त्याला शब्द सजवावासा वाटतोच.

मग हे हाताचं काम मागं का पडलं? 1894 मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. रंगीत देव स्वस्त झाले, घराघरात गेले. ते चांगलंच झालं. ज्याला देवळाची पायरी चढू देत नव्हते, त्याच्याही खोपटात देव आला. पण देव विकत मिळायला लागल्यावर हातानं लिहिणार कोण?

आता आपल्या चित्राकडं येतो. ते आपल्या दिंडीच्या जुन्या विणेकरी बुवांनी केलं. ते मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. पगार बंद, खोलीचं भाडं थकलं, तेव्हा हजारो चाकरमान्यांसारखे तेही गावाला परत आले. गिरणी पुन्हा लागलीच नाही. साचा चालवणारा माणूस पडवीत बसून राहिला. लोक काहीबाही बोलायचे. आम्ही तेव्हा बावीस वर्षांचे. बुवांनी एके दिवशी कागद, टाक आणि दौत काढली आणि लिहायला बसले.

त्यांची रीत आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. आधी शिसपेन्सिलीनं हलका आकार. बोरू उपयोगाचा नाही, त्याचं टोक जाड, म्हणून बारीक निबाचा टाक. जिथं काळोख पाहिजे तिथं अक्षरं दाट, जिथं उजेड तिथं विरळ. कडेला बाळबोध अक्षराची शिरोरेघ कामाला येते. शब्दाच्या डोक्यावरची रेघ आकाराबरोबर वळवली की खांदा होतो, दंड होतो. अडचण वेलांटी-उकारांची, त्यांना वर-खाली जागा ठेवावी लागते. ती ठेवली नाही तर चित्र छान होतं आणि शब्द मोडतो. बुवा म्हणायचे, "चित्र बिघडलं तरी चालंल, नाम बिघडता कामा नये." पावसात कागद ओल धरतो, शाई फुटते, म्हणून पावसाचे चार महिने काम बंद. असे दोन हंगाम गेले. शिव्या नाहीत, रडणं नाही. गिरणीनं जे तोडलं ते बुवा अक्षर अक्षर जोडत होते, असं आम्हाला आता वाटतं. तेव्हा एवढं कळत नव्हतं.

आता आमचा अपराध. आपल्याकडं आषाढात लावणी असते, म्हणून आपली पायी दिंडी माघीला आंबा घाट चढते. एका वर्षी निघायच्या आदल्या दिवशी देऊळ सारवून झालं आणि आम्ही उत्साहानं चित्रही पुसलं. तेव्हा चौकटीला काच नव्हती. फडकं ओलं होतं. विटेवरची सगळी अक्षरं एका हातासरशी वाहून गेली आणि काळा डाग राहिला. आम्ही थरथरत बुवांपुढं उभे राहिलो. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पाय राहिले ना? वीट तू लीव."

परत आल्यावर डागावर कागदाची पट्टी चिकटवली आणि महिनाभर आमच्याकडून कित्ता गिरवून घेतला, पोरासारखा. मग विटेवर लिहायला बसवलं. पहिल्याच ओळीत आम्ही "विठल" लिहीत गेलो. बुवांनी भिंग लावलं आणि म्हणाले, "अर्धा ठ खाल्लास. देवाचा एक पाय उचललास." ती ओळ तशीच ठेवली, खालून पुन्हा लिहायला लावलं. आजही विटेची वरची ओळ भिंगातून बघा, सात ठिकाणी अर्धा ठ नाही. ती सात नावं आमची. म्हणून म्हटलं, हे लिहिणं आमच्या वाट्याचं.

बुवा गेले. आता कौलातून आलेल्या ओलीनं कागदाला पिवळे डाग पडलेत, कसर लागली आहे, पितांबराचे दोन अभंग पुसट झालेत. शताब्दीनिमित्त चित्राचा मोठा फोटो छापून लावावा, मूळ चित्र प्लास्टिकात बंद करून कपाटात ठेवावं, असं काहींचं म्हणणं आहे. फोटो जरूर काढा, आमची ना नाही. पण प्लास्टिक तापवून चिकटवू नका. आतली ओल आतच राहील, आणि एकदा चिकटवलं की सोडवता येणार नाही. जुन्या कागदाची जपणूक जाणणारा माणूस आणा, खर्चाला आमचं एक पोतं भात धरा.

आणि दुसरं मागणं. आमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, हात कापतो. आम्ही गेल्यावर हे चित्र कसं लिहिलं हे सांगायला कोणी उरणार नाही. येत्या कार्तिकी एकादशीपासून दर एकादशीला दुपारी देवळात या. पोरं, सुना, लेकी, जो येईल तो. टाक नि शाई आम्ही देतो. चित्र लगेच काढायचं नाही. आधी एक नाव शुद्ध लिहायचं, मग दहा, मग शंभर. पुसट झालेले दोन अभंग नव्या कागदावर कोणाच्या तरी हातानं पुन्हा उतरले, तर बुवांचं ऋण थोडं फिटेल.

लिहिणाऱ्यानं घाई करू नये. अर्धा ठ विसरू नये.

राम कृष्ण हरी.