दोन कुंपणांमधली संख्या

फळ्यावर एक ओळ: −३ ≤ क्ष < ४. तिच्याखाली आडवी संख्यारेषा, −३ वर भरीव ठिपका, ४ वर पोकळ वर्तुळ आणि दोहोंच्या मध्ये खडू आडवा धरून ओढलेली जाड रेघ. बीजगणिताच्या तासाला हे पाच मिनिटांत उरकतं. क्ष नेमका किती, हे इथे कुणी विचारतच नाही. तो कुठून कुठपर्यंत असू शकतो, एवढंच सांगायचं असतं. समीकरणांवर वाढलेल्या मुलांना हे उत्तर अर्धवट वाटतं. उत्तर म्हणजे एक आकडा, मग ही दोन कुंपणं कशाला? या ओळीतली कल्पना मात्र बावीसशे वर्षांहून जुनी आहे. तिची चिन्हं चारशे वर्षांची आहेत आणि ती वर्गात शिकवायची ही रीत साठ-पासष्ट वर्षांची.

सर्वांत आधी आलं ते कुंपण. इसवी सनापूर्वीच्या तिसऱ्या शतकात सिराक्यूजच्या आर्किमिडीजनं वर्तुळाच्या मापनावर एक छोटा ग्रंथ लिहिला. परीघ व्यासाच्या किती पट, हा त्यातला प्रश्न. वक्र रेघ मोजायचं साधन हाताशी नव्हतं, म्हणून त्यानं वर्तुळाच्या आत एक षटकोन बसवला आणि बाहेरून दुसरा. आतल्या षटकोनाची परिमिती वर्तुळाच्या परिघाहून कमी आणि बाहेरच्याची जास्त, यात शंकेला जागा नाही. मग बाजू दुप्पट करत तो १२, २४, ४८ असा ९६ पर्यंत गेला. दर दुपटीला आतलं कुंपण फुगत गेलं, बाहेरचं आक्रसत गेलं. शेवटी त्यानं लिहिलं की, परीघ व्यासाच्या ३ पूर्णांक १/७ पटीहून कमी आणि ३ पूर्णांक १०/७१ पटीहून जास्त आहे.

या दोन अपूर्णांकांची वजाबाकी केली तर बरोबर १/४९७ उरतो. शंभर फूट व्यासाचं रिंगण आखलं, तर परिघाच्या या दोन अंदाजांत अडीच इंचांहूनही कमी अंतर पडतं.

यातली खरी करामत मात्र मधल्या पायऱ्यांत आहे. वाटेत ३ चं वर्गमूळ लागतं आणि ते अपूर्णांकात नेमकं बसत नाही. बाहेरच्या बहुभुजासाठी आर्किमिडीजनं ते २६५/१५३ पेक्षा मोठं धरलं, आतल्यासाठी १३५१/७८० पेक्षा लहान. म्हणजे वर्गमूळही दोन कुंपणांत! पुढे जिथे जिथे आकडा छाटावा लागला, तिथे तिथे त्यानं तो अशाच बाजूला छाटला की बाहेरचं कुंपण चुकूनही आत सरकू नये आणि आतलं बाहेर जाऊ नये. दशांश पद्धत नाही, शून्य नाही, बेरजेचं चिन्हसुद्धा नाही, आणि तरी एकाही पायरीवर त्याची दिशा चुकली नाही.

चीनमध्ये हीच वाट स्वतंत्रपणे सापडली. इसवी सन २६३ मध्ये ल्यू ह्वेनं ९६ बाजूंच्या बहुभुजावरून ३.१४१०२४ आणि ३.१४२७०४ अशा दोन सीमा दिल्या. पाचव्या शतकात झू चोंगझी ३.१४१५९२६ आणि ३.१४१५९२७ पर्यंत पोचला. पहिल्या आकड्याला ‘उणा’ आणि दुसऱ्याला ‘अधिक’ अशा अर्थाची नावं तिथल्या इतिहासग्रंथात नोंदली आहेत.

आपल्याकडे प्रश्न वेगळ्या अंगानं विचारला गेला. आर्यभटानं ४९९ मध्ये ३.१४१६ एवढी किंमत देताना ‘आसन्न’, म्हणजे जवळची, असा शब्द वापरला. सह्याद्रीच्या परिसरातल्या भास्कराचार्यांनी ११५० च्या लीलावतीत ३९२७/१२५० ला सूक्ष्म म्हटलं आणि व्यवहारापुरत्या २२/७ ला स्थूल. दोन्ही किमती खऱ्या किमतीपेक्षा मोठ्या, म्हणजे एकाच बाजूच्या. किती जवळ आहोत, याचं भान त्या शब्दांत लख्ख आहे. कोणत्या बाजूनं जवळ आहोत, हे मात्र ते शब्द सांगत नाहीत, आणि दोन कुंपणांचा सगळा जीव त्या बाजूच्या भानातच असतो.

ही सगळी कुंपणं शब्दांत होती. ‘पेक्षा लहान’ आणि ‘पेक्षा मोठा’ यांना चिन्ह मिळायला १६३१ साल उजाडावं लागलं, आणि ते ज्याच्या नावावर आहे तो माणूस तोवर दहा वर्षांपूर्वीच वारला होता.

थॉमस हॅरियट हा ऑक्सफर्डला शिकलेला. तो १५८५ मध्ये वॉल्टर रॅलेच्या मोहिमेबरोबर अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या रोआनोक बेटावर गेला. तिथल्या अल्गाँक्वियन लोकांची भाषा तो शिकला आणि त्या भाषेतले ध्वनी टिपण्यासाठी त्यानं स्वतःची लिपी बनवली. चिन्हं घडवणं हा त्याच्या हाताचा गुणच असावा. १६०९ च्या जुलैत त्यानं दुर्बिणीतून चंद्र पाहून त्याचं चित्र काढलं, गॅलिलिओच्या काही महिने आधी. पण छापण्याच्या बाबतीत हा माणूस कमालीचा उदासीन होता. हयातीत त्याचं एकच पुस्तक निघालं, तेही व्हर्जिनियाच्या वर्णनाचं. गणिताची हजारो पानं तशीच राहिली. १६२१ मध्ये तो गेला. मित्रांनी कागद चाळले आणि वॉल्टर वॉर्नरनं त्यातून निवडून लॅटिनमध्ये बीजगणिताचा ग्रंथ छापला. < आणि > ही चिन्हं छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसली ती त्यात. हॅरियटच्या हस्तलिखितातली चिन्हं घडणीनं निराळी होती. आज मुलं गिरवतात तो टोकदार आकार छापखान्यातून आला.

हॅरियटला चिन्हं हवी होती ती समीकरणांसाठीच. एखाद्या समीकरणाला किती मुळं असू शकतील, हे ठरवताना त्याला सहगुणकांची तुलना करावी लागे. त्याच १६३१ मध्ये विल्यम ऑट्रेडचंही पुस्तक निघालं. त्यात याच दोन कल्पनांसाठी काटकोनी कंसासारखी वेगळी चिन्हं होती आणि इंग्लंडात कितीतरी वर्षं तीही चालली. पण ऑट्रेडची लहान-मोठ्याची जोडी सहज लक्षात राहत नसे. हॅरियटच्या चिन्हाचं रुंद तोंड मोठ्याकडे आणि टोक लहानाकडे, एवढं सांगितलं की पुरे. हे चिन्ह का टिकलं, याचं उत्तर या साधेपणात असावं.

चिन्हाखालची आडवी रेघ शंभर वर्षांनी आली. प्येर बूगे या फ्रेंच विद्वानानं १७३४ मध्ये < च्या खाली बरोबरचं चिन्ह जोडलं. पुढच्याच वर्षी तो पृथ्वीचा आकार मोजायला दक्षिण अमेरिकेच्या मोहिमेवर निघाला. दिसायला ही भर क्षुल्लक, पण दहावीच्या निकालात ३५ आणि ३४ मध्ये जो फरक असतो तो याच रेघेचा. उत्तीर्ण होण्याची अट ३५ ≤ गुण ≤ १०० अशी आहे. खालची रेघ पुसली, की काठावर पास झालेलं प्रत्येक मूल नापास! संख्यारेषेवरचा भरीव ठिपका म्हणजे काठावर पास, पोकळ वर्तुळ म्हणजे काठ वगळून.

ज्या रेषेवर हे ठिपके पडतात, तिचं स्पष्ट चित्र जॉन वॉलिसनं १६८५ च्या बीजगणितात रंगवलं. एक माणूस पाच यार्ड पुढे चालतो आणि आठ यार्ड मागे येतो, तर तो किती पुढे गेला? वॉलिस म्हणतो, उणे तीन. ऋण संख्यांना ‘काहीच नाही त्याहून कमी’ असं म्हणून नाक मुरडलं जाई, त्या काळात वॉलिसनं त्यांना चालायला जमीन दिली. ऋण संख्येनं गुणलं की चिन्ह उलटतं, हा मुलांना छळणारा नियमही याच जमिनीवर उलगडतो. २ हा ५ च्या डावीकडे असतो. दोघांना −१ नं गुणलं की शून्यापाशी आरसा धरल्यासारखी रेषा उलटी होते आणि −२ हा −५ च्या उजवीकडे जातो. पाठांतराची गरजच उरत नाही.

तरीही शाळेत हे सगळं उशिरा पोचलं. १९५७ मध्ये रशियानं स्पुटनिक सोडला आणि अमेरिका हादरली. १९५८ मध्ये तिथे एडवर्ड बेगल यांच्या नेतृत्वाखाली शालेय गणिताची पुस्तकं नव्यानं लिहिण्याचा उपक्रम सुरू झाला. त्या बीजगणितात समीकरण आणि असमानता या दोघांनाही ‘विधान’ म्हटलं गेलं. ज्या संख्यांनी विधान खरं ठरतं त्यांचा संच म्हणजे उत्तर, आणि तो संच रेषेवर काढून दाखवायचा. दोन विधानं ‘आणि’नं जोडली तर दोन्ही रेघा जिथे एकमेकींवर येतात तेवढाच भाग, म्हणजे छेदसंच. ‘किंवा’नं जोडली तर दोन्ही रेघांचा मिळून संयोगसंच. आपल्या नववीच्या पुस्तकातल्या संचांच्या धड्याशी हे नातं लगेच ध्यानात येईल. ‘क्ष < −३ किंवा क्ष > ४’ हे ४ < क्ष < −३ असं एका माळेत ओवायचा मोह विद्यार्थ्यांना आजही होतो. पण माळेत ‘आणि’ दडलेलं असतं, आणि ४ पेक्षा मोठी असून −३ पेक्षा लहान अशी संख्याच नाही.

रेषेवरून प्रतलात उतरलं की असमानतांचं रूप पालटतं. दोन चलांची प्रत्येक रेषीय असमानता म्हणजे एक बांध. बांधाच्या एका बाजूची जमीन आपली, दुसरी परक्याची. पाच-सहा बांध घातले की मधे एक शेत उरतं. हे शेत पद्धतशीर धुंडाळण्याचा ध्यास जोसेफ फूरिएनं १८२० च्या दशकात घेतला. उष्णतेच्या गणितामुळे नाव झालेला हा माणूस असमानतांच्या गणिताला स्वतंत्र शाखा मानत होता. चल एकेक करून काढून टाकण्याची रीत त्यानं दिली आणि बहुतलाच्या कडेकडेनं उतरत सर्वांत खालचा कोपरा गाठण्याची कल्पनाही मांडली. १८९० मध्ये त्याचं समग्र लेखन संपादित करताना दार्बू या मोठ्या गणितज्ञानं लिहिलं की, या विषयाला फूरिए अवास्तव महत्त्व देत होता. दार्बूचा हा निवाडा साफ चुकला.

तो चुकला हे दिसलं जेवणाच्या ताटावरून. अर्थतज्ज्ञ जॉर्ज स्टिग्लरनं १९४५ मध्ये एक प्रश्न मांडला: ७७ खाद्यपदार्थ आणि ९ पोषकद्रव्यं. प्रत्येक द्रव्य ठरलेल्या मात्रेपेक्षा कमी पडता कामा नये, उष्मांक दिवसाला निदान ३०००, प्रथिनं निदान ७० ग्रॅम, आणि तरी खर्च कमीत कमी. डोकं लढवून त्यानं १९३९ च्या भावानं वर्षाला ३९.९३ डॉलरचा आहार काढला: गव्हाचं पीठ, आटवलेलं दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला घेवडा. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगनं अमेरिकी हवाई दलाच्या नियोजनासाठी सिंप्लेक्स पद्धत शोधली: बांधावरून चालत एका कोपऱ्यावरून पुढच्या, अधिक चांगल्या कोपऱ्यावर जायचं. ती तपासायला स्टिग्लरचाच प्रश्न घेतला गेला. जॅक लॅडरमनच्या हाताखाली नऊ कारकून हातानं चालवायची गणकयंत्रं घेऊन बसले आणि १२० मनुष्यदिवस खपून त्यांनी उत्तर आणलं: ३९.६९ डॉलर. स्टिग्लरचा अंदाज चोवीस सेंटांनीच हुकला होता.

पुढे डँट्झिगला स्वतःचं वजन उतरवायचं होतं. त्यानं आहाराचं गणित यंत्राला घातलं, पोट भरल्याची भावना जास्तीत जास्त मिळेल असं. यंत्रानं पहिल्यांदा ५०० गॅलन व्हिनेगर प्यायला सांगितलं. व्हिनेगर यादीतून काढलं, तर रोज सूपच्या २०० खारट वड्या! प्रत्येक चलाला शून्याचं तळकुंपण होतं, पण वरचं कुंपण कुणी घातलंच नव्हतं. मग वड्यांना वरची मर्यादा घातली: ० ≤ वड्या ≤ ३. वरच्या मर्यादांचा वापर आपल्याकडून इथून सुरू झाला, असं डँट्झिग पुढे सांगत असे. फळ्यावरच्या त्या दुहेरी असमानतेची गरज याहून ढळढळीत कुठे दिसणार?

कोपऱ्याकोपऱ्यानं चालण्यात एक धोका मात्र होता. व्हिक्टर क्ली आणि जॉर्ज मिंटी यांनी १९७२ मध्ये असं शेत रचून दाखवलं की, त्यात प्रत्येक चल दोन कुंपणांत असतं, फक्त कुंपणं किंचित तिरकी. एवढ्यानं सिंप्लेक्सला एकूण एक कोपरा हिंडावा लागतो. पन्नास चलं असतील तर कोपरे ११०० लाख कोटींच्या वर. १९७९ मध्ये रशियाच्या खाचियाननं या सापळ्यातून सुटणारी पद्धत दिली, पण व्यवहारात ती संथ निघाली.

त्यानंतर पाच वर्षांनी उत्तर आलं ते नरेंद्र करमरकर यांच्याकडून. मराठी घरातला, ग्वाल्हेरला जन्मलेला हा तरुण मुंबईच्या आयआयटीतून १९७८ मध्ये बाहेर पडला, बर्कलेला डॉक्टरेट करून बेल लॅबोरेटरीजमध्ये रुजू झाला. त्यानं बांधच सोडला आणि शेताच्या मधून वाट काढली. दर पावलाला तो अख्ख्या शेताचा नकाशा असा बदलून घेतो की आपण उभे आहोत ती जागा मधोमध यावी, म्हणजे कुठलाही बांध पायाशी अडत नाही आणि मोठी ढांग टाकता येते. १९ नोव्हेंबर १९८४ रोजी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर ही बातमी होती. १९८८ मध्ये या पद्धतीचं पेटंट दिलं गेलं आणि गणिताच्या रीतीवर कुणाची मालकी असावी का, यावर मोठा वाद झाला. बांधांच्या आतून चालणाऱ्या पद्धतींचं एक कुळच त्यानंतर वाढलं.

बारावीच्या वहीत मात्र अजून डँट्झिगच्या बांधावरूनच चालणं आहे. आलेखाच्या कागदावर मुलं एकेक रेषा आखतात, (०, ०) घालून कोणती बाजू आपली ते ठरवतात, मधला भाग पेन्सिलीनं रंगवतात, आणि मग एकेका कोपऱ्याचे निर्देशांक घालून किंमत काढत जातात.