हवेतले खत : एका जुन्या प्रश्नाची दोनशे वर्षे

परभणी जिल्ह्यात पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. या भागाच्या शिवारात कापूस, सोयाबीन, ज्वारी, ऊस, हळद अशी पिके दिसतात. यांपैकी कोणतेही पीक पूर्ण वाळवून तोलले, तर वजनाचा सुमारे चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कार्बनचा भरतो. हा कार्बन जमिनीतून आलेला नसतो. पानांनी तो हवेतील कार्बन डायऑक्साइडमधून घेतलेला असतो. हवेत हा वायू किती, तर दहा लाख भागांत सुमारे ४२० भाग. इतक्या विरळ साठ्यातून एवढे पीक उभे राहते!

प्रकाशसंश्लेषणाचा धडा शिकवताना इथवर आले की चौकस विद्यार्थी हमखास विचारतो, ‘मग हा वायू वाढवला, तर पीकही वाढेल का?’ हा प्रश्न पोरकट नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी तो विचारला आहे आणि एकमेकांच्या विरुद्ध उत्तरे दिली आहेत. त्या उत्तरांचा इतिहास आपण पाहू या.

जिनिव्हातील वाटाणे

१७७९ साली इंगेनहाउझ यांनी दाखवून दिले, की हवा शुद्ध करण्याचे काम वनस्पतींचे हिरवे भाग करतात आणि तेही फक्त उजेडात. जिनिव्हाच्या सेनेबिए यांनी १७८०च्या दशकात या कामासाठी कार्बन डायऑक्साइड लागतो, हे सिद्ध केले. त्याच शहरातील निकोला-तेओडोर द सोस्यूर यांनी पुढचे पाऊल टाकले. १८०४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात वाटाण्याच्या रोपांवरील प्रयोग आहेत. बंद भांड्यातील हवेत सुमारे एक-बारांश भाग कार्बन डायऑक्साइड मिसळला, तेव्हा उन्हातील रोपे साध्या हवेतील रोपांपेक्षा अधिक वाढली. वायूचे प्रमाण आणखी वाढवले, तशी ती खंगली. आणि सावलीत ठेवलेल्या रोपांना वाढीव वायूचा फायदा तर नाहीच, उलट अपायच झाला.

ऊन असेल तर वायू उपयोगी, नसेल तर नाही, ही अट पहिल्याच प्रयोगात दिसली होती. तिचा अर्थ लागायला मात्र शंभर वर्षे जावी लागली.

दोन प्रयोगशाळा, दोन निष्कर्ष

१९०२ साली इंग्लंडमधील क्यू येथील उद्यानात ब्राउन आणि एस्कोम्ब यांनी नेहमीच्या सुमारे साडेतीन पट कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेत अनेक जातींची रोपे वाढवली. निष्कर्ष निराशाजनक होता. रोपांचे वजन वाढले नाही, पाने मात्र वेडीवाकडी झाली. जवळपास त्याच सुमारास फ्रान्समध्ये देमूसी यांनी तसाच प्रयोग केला आणि बहुतेक रोपे जोमाने वाढलेली त्यांना आढळली. क्यू येथील वायूत अशुद्धी असावी, अशी शंका त्यांनी बोलून दाखवली.

ही शंका महत्त्वाची होती. पुढे काचगृहांत इंधन जाळून हा वायू देऊ लागले, तेव्हा त्याबरोबर इथिलीनसारखे वायू येऊन रोपांना इजा होते, असा अनुभव आला. आपण देतो तो वायू खरोखर शुद्ध आहे का, हे आधी तपासावे लागते.

सर्वांत मागे कोण?

१९०५ साली केंब्रिजचे एफ. एफ. ब्लॅकमन यांनी या गुंत्यातून वाट काढली. प्रकाशसंश्लेषणासाठी प्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी, तापमान असे अनेक घटक लागतात. त्यांपैकी जो सर्वांत अपुरा असेल, तो एकूण वेग ठरवतो. यालाच मर्यादक घटकाचे तत्त्व म्हणतात. बैलगाड्यांची रांग अरुंद वाटेने निघाली, तर पुढच्या मंद गाडीच्याच चालीने सर्वांना जावे लागते, तसेच हे आहे. प्रकाश कमी असेल, तर वायू कितीही ओतला तरी वेग वाढणार नाही. प्रत्यक्षात एका घटकाची सत्ता संपून दुसऱ्याची सुरू होण्याचा क्षण ब्लॅकमन यांनी मानला तितका काटेकोर नसतो, हे नंतर दिसून आले. पण तत्त्व टिकले.

मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एच. दस्तूर यांचे नाव येथे आवर्जून घ्यायला हवे. १९२४ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ बॉटनी’ या नियतकालिकात त्यांनी पानातील पाण्याचे प्रमाण हा प्रकाशसंश्लेषणाचा एक घटक आहे, असे मांडले. मराठवाड्यासारख्या भागाच्या दृष्टीने हा मुद्दा कळीचा आहे.

बंद खोलीतील झाड

ज्या ठिकाणी प्रकाश, पाणी, खत आणि तापमान हे सर्व माणसाच्या हातात असते, तेथे मागे राहतो तो कार्बन डायऑक्साइड. दारे-खिडक्या बंद असलेल्या काचगृहात उन्हाच्या वेळी पाने हा वायू इतक्या झपाट्याने घेतात, की त्याचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या निम्म्यावर येऊ शकते. म्हणून १९६०च्या दशकापासून नेदरलँडमध्ये काचगृहांना हा वायू पुरवण्याची पद्धत रूढ झाली. २००५ पासून तेथील काही काचगृहांना तेलशुद्धीकरण कारखान्यात निघणारा वायू नळाने पोहोचवला जातो.

अलीकडे हा प्रश्न गांजाच्या झाडाबाबत पुष्कळ विचारला जातो. हे झाड आपल्याला नवे नाही. १८९३-९४ साली सरकारने नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने मुंबई इलाख्यातील गांजाच्या लागवडीची चौकशी केली, तेव्हा ती मुख्यतः अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यात, उघड्या शेतात होत होती. भारतात १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्याने गांजाची लागवड हा गुन्हा ठरला. कॅनडात मात्र २०१८ साली ती कायदेशीर झाली. तेथे आणि अमेरिकेच्या काही राज्यांत हे पीक दिव्यांच्या प्रकाशात, बंद खोल्यांत घेतले जाते. मग वायू विकत घेऊन सोडावा का, हा खर्चाचा प्रश्न उभा राहतो.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठात सुमन चंद्रा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत उत्तराचा एक भाग सापडतो. दहा लाख भागांत ३५० ऐवजी ७५० भाग वायू दिला, तेव्हा या झाडाच्या पानातील प्रकाशसंश्लेषणाचा वेग सुमारे ५० टक्क्यांनी वाढला आणि बाष्पोच्छ्वास सुमारे २९ टक्क्यांनी घटला. मात्र प्रकाश वाढवत नेला, तसा हा वेग जवळजवळ भर उन्हाइतक्या तीव्रतेपर्यंत वाढतच गेला. याचा अर्थ, खोलीतले दिवे मंद असतील तर वायूवरचा खर्च बराचसा वाया जाणार. हवा बाहेर टाकणारा पंखा सतत चालू असेल, तर तो वायू खोलीत राहणारच नाही. शिवाय ही मोजणी पानाची आहे, पिकाची नव्हे. जादा साखर साठवायला झाडाला जागा नसेल, तर काही आठवड्यांत पान आपले काम मंद करते. म्हणून पानाचा वेग ५० टक्के वाढला, तर उत्पन्नही तेवढेच वाढेल असे धरणे चूक आहे.

हा वायू रंगहीन व गंधहीन आहे, हेही विसरू नये. कामाच्या जागी आठ तासांसाठी दहा लाखांत ५,००० भाग ही मर्यादा अनेक देशांत मानतात. जुन्या विहिरीत उतरलेली माणसे गुदमरतात, त्यामागे पुष्कळदा असा साचलेला वायू आणि प्राणवायूची कमतरता असते.

चुडाव्याच्या शिवारात

आता उघड्या शेताकडे वळू. १९५८ साली कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआ येथे मोजणी सुरू केली, तेव्हा हवेत दहा लाखांत सुमारे ३१५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२०च्या वर आहे. आपण कोळसा आणि तेल जाळून साऱ्या पृथ्वीचेच काचगृह केले आहे. मग शेतकऱ्याला हे फुकटचे खत मिळाले, असे म्हणावे का?

येथे पिकांची जात पाहावी लागते. १९६५-६६ साली हवाईत कोर्टशाक आणि ऑस्ट्रेलियात हॅच व स्लॅक यांच्या कामातून उघड झाले, की ऊस, मका, ज्वारी यांच्या पानात हा वायू आधीच एकवटून ठेवण्याची सोय असते. त्यांना बाहेरून जादा वायूचा फायदा थोडाच, आणि तोही मुख्यतः पाण्याचा ताण असताना. कापूस, सोयाबीन, हरभरा, गहू यांना अशी सोय नाही. ती या वायूला प्रतिसाद देतात. शेतात नळ्यांचे कडे उभारून मोकळ्या हवेत वायू सोडण्याचे प्रयोग १९८९ पासून अमेरिकेत अ‍ॅरिझोनात कापसावर झाले. पुरेसे पाणी-खत असता ५५० भागांवर उत्पन्न चाळीस टक्क्यांच्या आसपास वाढले. सोयाबीन आणि गव्हात मात्र ही वाढ पंधरा टक्क्यांच्या आतबाहेर राहिली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात अशा हवेतील गव्हात जस्त सुमारे नऊ टक्क्यांनी, तर लोह पाच टक्क्यांनी कमी आढळले.

आणि हा वायू एकटा येत नाही. तो उष्णता घेऊन येतो. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी पिकाला काय कमी पडते, हे सांगायला ब्लॅकमन लागत नाहीत. रांगेतील मंद गाडी तेव्हा पाण्याची असते. मागच्या गाडीला चार बैल जादा जुंपून वाट मोकळी होत नाही.

वर्गात करून पाहा

काचेच्या भांड्यात उकळून गार केलेले पाणी घ्या. त्यात हायड्रिलाची फांदी ठेवा, वर काचेचे नाळके पालथे घाला आणि त्यावर पाण्याने भरलेली परीक्षानळी उलटी बसवा. दिवा दूर ठेवून मिनिटाला किती बुडबुडे येतात, ते मोजा. मग पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवून पुन्हा मोजा. सोड्यामुळे झाडाला कार्बन डायऑक्साइड मिळतो. आता दिवा जवळ आणा, मध्ये पाण्याचा सपाट काचपात्र ठेवून उष्णता अडवा आणि तिसऱ्यांदा मोजा. शेवटी दिवा तेथेच ठेवून, ताज्या उकळलेल्या व गार केलेल्या बिनसोड्याच्या पाण्यात चौथी मोजणी करा. प्रत्येक बदलानंतर पाच मिनिटे थांबायला विसरू नका.

चार आकडे फळ्यावर मांडा आणि वायूचा फायदा कधी झाला व कधी झाला नाही, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. हवेतले वाढते खत शेतकऱ्याच्या फायद्याचे आहे, असे त्यांनी पुढे कोठे वाचले, तर ‘बाकीचे सारे पुरेसे आहे का?’ हा प्रतिप्रश्न त्यांना सुचायला हवा. आमच्या मते या धड्याचे खरे उद्दिष्ट तेच आहे.